मिशनवरून परत आले. रविवारी साक्ष द्यायचीय आणि मंडळीच्या पत्रकात छापलेला आकडा खरा नाही

ओंजळ
नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी २१ वर्षांची. या उन्हाळ्यात सात आठवडे होंडुरासच्या पश्चिमेला, इंतिबुकाच्या डोंगरात सेवाकार्याला गेले होते. आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) तरुणांचा गट, नऊ जण. आधी चार महिने पत्रं लिहून पैसे गोळा केले. माझ्या एकटीच्या खर्चाला २,८०० डॉलर लागले. ते देणाऱ्यांत पेन्शनवर जगणाऱ्या दोन आज्या आहेत. दर रविवारी पहिल्या बाकावर बसतात, म्हणून मुद्दाम सांगतेय.

सकाळी मातीच्या विटांच्या घरांना आतून गिलावा करायचो. तिकडे शागास नावाचा आजार आहे. तो पसरवणारा किडा भिंतीच्या भेगांत लपतो आणि रात्री झोपलेल्या माणसाला चावतो, म्हणून भेगा बुजवायच्या. दुपारी पाऊस आला की काम थांबायचं. मग मुलांसाठी बायबल शाळा. गाणी, बाहुल्यांचा खेळ, गोष्ट, आणि शेवटी 'ज्यांना येशूला आपल्या हृदयात घ्यायचंय त्यांनी हात वर करा.'

हात वर व्हायचे. आमचे लीडर रोज मोजून वहीत लिहायचे. पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की पिवळ्या स्वेटरमधली एक मुलगी रोज हात वर करते. मी माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये तिला कारण विचारलं. ती म्हणाली, हात वर केला की तुम्ही सगळे खूश होता.

परत आलो तर मंडळीच्या पत्रकात आमच्या फोटोखाली छापलं होतं: '२१४ मुलांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला.' त्या वाडीत चाळीस मुलंही नसतील. त्यातली बरीचशी तिथल्या पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) रविवारच्या शाळेत आधीपासून जातात.

या रविवारी मला दहा मिनिटं साक्ष द्यायचीय, म्हणजे मंडळीसमोर उभं राहून तिथला अनुभव सांगायचाय. लीडरशी बोलले. ते म्हणाले, आकड्यावर बोट ठेवलंस तर पुढच्या वर्षी जाणाऱ्या मुलांना कोणी पैसे देणार नाही. ते लबाड नाहीत. आम्ही नऊ जण आजारी पडलो तेव्हा रात्र रात्र जागले आहेत. पण तो आकडा डोक्यातून जात नाही.

मी गेले याचा मला पश्चात्ताप नाही. तिथे मी प्रार्थना करायला नव्याने शिकले. तरी विचारते, काय सांगू?

खडूफळा
खरं सांग. दहा मिनिटांत दोन मिनिटं त्याला दे, उरलेली आठ गिलाव्याला.

रानपाखरू
वाचतेय. पिवळ्या स्वेटरवाल्या मुलीपाशी थांबले आणि परत वरून वाचलं.

नाडी
आधी एक दुरुस्ती, व्यवसायाने डॉक्टर असल्यामुळे राहवत नाही. शागास चावण्यातून होत नाही. किडा चावतो तिथेच विष्ठा टाकतो. माणूस झोपेत खाजवतो आणि ती जखमेत किंवा डोळ्यात जाते. १९०९ मध्ये ब्राझीलच्या कार्लोस शागास यांनी हा आजार शोधला. वर्षानुवर्षं काही कळत नाही आणि मग काहींचं हृदय मोठं होऊन निकामी होत जातं. उशिरा सापडला तर औषधाचा उपयोग कमी, म्हणून भेगा बुजवणं हाच खरा उपाय. त्यामुळे ओंजळ, तुझं सकाळचं काम अगदी खरं होतं. फक्त किती घरं झाली, आणि तुम्ही निघून आल्यावर उरलेली कोण करणार, हे विचारून घे.

मी स्वतः विद्यार्थी असताना दोन आठवड्यांच्या वैद्यकीय शिबिराला परदेशी गेलो होतो, तेही मिशनतर्फेच. रक्तदाब जास्त असलेल्यांना आम्ही महिनाभराच्या गोळ्या दिल्या. एकतीसाव्या दिवसाचा विचार कोणी केला नव्हता. रक्तदाबाच्या गोळ्या एकदम बंद करणं काही वेळा न घेण्यापेक्षा वाईट. आम्ही जेवढे रुग्ण तपासले तो आकडा अहवालात दिमाखात होता. बारा वर्षं झाली, आजही मला त्यातल्या एका बाईचा चेहरा आठवतो.

निरीश्वर
मी ख्रिस्ती नाही, कुठल्याच धर्माचा नाही. तरी लिहितो, कारण प्रश्न प्रामाणिक आहे.

माझ्या मते चूक २१४ या आकड्यात नाही, 'हात वर करा' इथेच आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला परक्या देशातून आलेला, भेटवस्तू देणारा, मोठा माणूस असं विचारतो तेव्हा ते मूल नाही म्हणू शकतं का? त्या मुलीने तुला उत्तर दिलेलंच आहे.

दुसरं, पैशाचं. १९९८ मध्ये मिच वादळाने होंडुरास उद्ध्वस्त झाला. त्यानंतर उत्तर अमेरिकेतून मिशनचे गट घरं बांधायला गेले. कर्ट व्हर बीक या अभ्यासकाने (ते स्वतः ख्रिस्ती महाविद्यालयाचे प्राध्यापक, अनेक वर्षं होंडुरासमध्येच राहणारे) त्याचा हिशेब मांडला. विमानखर्च धरून अशा गटाने बांधलेलं एक घर सुमारे ३०,००० डॉलरला पडलं. तसंच घर स्थानिक संस्था सुमारे २,००० डॉलरमध्ये बांधत होत्या. म्हणजे एका घराच्या पैशात पंधरा. तुमचे नऊ गुणिले २,८०० म्हणजे २५,२०० डॉलर होतात. त्यात तिथल्या गवंड्यांनी किती भिंती लिंपल्या असत्या, हा प्रश्न त्या दोन आज्यांनी विचारायला हवा.

समुद्रपक्षी
निरीश्वर, हिशेब बरोबर आहे. पण त्या आज्यांनी ते पैसे होंडुरासच्या गवंड्याला पाठवले असते का? त्यांनी ते ओंजळला दिले, कारण ती त्यांच्या डोळ्यांसमोर मोठी झाली. बचत झालेले २५,००० डॉलर आपोआप दुसरीकडे जात नाहीत.

माझा अनुभव सांगतो. मी १९ वर्षांचा असताना लोगोस होप या जहाजावर तीन महिन्यांसाठी गेलो आणि मग दोन वर्षं राहिलो. ऑपरेशन मोबिलायझेशनचं हे जहाज, बंदराबंदरात जातं, वर पुस्तकांचं मोठं दुकान असतं. कोणालाही पगार नाही, कप्तानालाही नाही, प्रत्येक जण आपला खर्च मंडळीकडून आणतो. मला वाटलं होतं मी सुवार्ता सांगणार. पहिले तीन महिने मी ताटं धुतली. साठहून जास्त देशांचे लोक जहाजावर, आणि माझ्या शेजारी ताटं धुणारा घानाचा मुलगा माझ्यापेक्षा बायबल कितीतरी जास्त जाणत होता. 'आपण देणारे आणि ते घेणारे' हे खूळ माझ्या डोक्यातून तिथल्या मोरीपाशी गेलं.

या संस्थेची सुरुवातही उन्हाळी सुट्टीतच झाली. १९५७ मध्ये जॉर्ज व्हर्वर हा कॉलेजचा मुलगा दोन मित्रांना घेऊन स्पॅनिश शुभवर्तमानांच्या प्रती ट्रकमध्ये भरून मेक्सिकोला गेला. एका उन्हाळ्यातून काय निघेल ते त्या उन्हाळ्यात कळत नाही, एवढंच म्हणायचंय.

निरीश्वर
मेक्सिकोचं नाव निघालंच आहे तर इव्हान इलिच यांचं भाषण आठवा. १९६८ च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या खेड्यांत उन्हाळा घालवायला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर ते बोलले. इलिच स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा की या, बघा, शिका, डोंगर चढा, फुलं बघा, पण मदत करायला म्हणून येऊ नका. बोलावलं होतं यजमानांनीच, आणि त्यांनी यजमानांच्या तोंडावर हे सांगितलं. ओंजळ, दहा मिनिटांत काय बोलता येतं याचं हे उत्तम उदाहरण.

खडूफळा
इलिच यांचं भाषण तर साठेक वर्षांपूर्वीचंच. मुळं त्याहून खूप जुनी आहेत, आणि दर वेळी विद्यार्थीच पुढे आहेत.

१८०६ च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळात सापडले आणि गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून त्यांनी प्रार्थना केली. त्यातून चार वर्षांनी अमेरिकन बोर्ड ही मिशनसंस्था उभी राहिली. त्याच बोर्डाची माणसं १८१३ मध्ये मुंबईला उतरली. आपल्यातल्या किती जणांच्या घराण्याची ख्रिस्ती गोष्ट त्या गंजीपाशी सुरू होते, विचार करा.

मग १८८६ चा उन्हाळा. मॅसॅच्युसेट्समधल्याच माउंट हर्मन इथे सुवार्तिक ड्वाइट मूडी यांनी भरवलेल्या विद्यार्थी शिबिरात शंभर तरुणांनी परदेशी मिशनला जायची तयारी दाखवली. त्या शंभरात जॉन मॉट होते. पुढे १९४६ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. गंमत बघा, तिथेही 'शंभर' हा आकडाच इतिहासात उरला.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. १९१० मध्ये एडिंबरोला जागतिक मिशनरी परिषद झाली. बाराशेच्या आसपास प्रतिनिधी, त्यात आशियाई मंडळ्यांचे वीससुद्धा नव्हते. त्या सभेत तमिळ प्रदेशातले व्ही. एस. अझरिया उभे राहिले. मिशनऱ्यांनी केलेल्या त्यागाबद्दल त्यांनी आभार मानले आणि शेवटी म्हणाले, आम्हाला मित्र द्या. दोन वर्षांनी ते दोर्नकलचे बिशप झाले, अँग्लिकन मंडळीतले पहिले भारतीय बिशप. साक्षीत आकड्याच्या जागी काय ठेवायचं असं विचारत असशील तर मी म्हणेन की तुझे तिथे कोण मित्र झाले त्यांची नावं ठेव.

मैना_०७
सर, 'मित्र द्या' वाचून अंगावर काटा आला.
अवांतर: बाहुल्यांना स्पॅनिश कोण बोलायचं?

ओंजळ
मैना, तिथल्याच पाळकांचा पंधरा वर्षांचा मुलगा पडद्यामागे बसायचा. आमचा सिंह बोलायला लागला की मुलं त्याचा आवाज ओळखून त्याच्याच नावाने सिंहाला हाक मारायची. आम्ही परतलो तरी सिंह तिथेच ठेवून आलो.

नाडी काका, किती घरं झाली ते सांगते. सात आठवड्यांत सहा. गवंडी आजोबांच्या हाताखाली. खरं तर पहिले दोन आठवडे आम्ही फक्त माती आणि वाळू वाहिली. त्यांनी आमच्या हातात थापी दिलीच नाही, आणि बरोबरच केलं. शागासची दुरुस्ती लिहून घेतली.

सांजसावली
माझा मुलगा पुढच्या उन्हाळ्यात जायचं म्हणतोय, तो १८ चा होईल. आफ्रिकेतल्या एका अनाथालयात दोन महिने लहान बाळांना सांभाळायचं काम आहे. फोटो बघून मलाच भरून येतं. पण हा धागा वाचून धास्ती वाटतेय. सुरक्षित असतं का? कोणी सांगू शकेल का?

नाडी
सांजसावली ताई, मुलाच्या सुरक्षिततेआधी बाळांची विचारा. दीड-दोन वर्षांचं मूल दर दोन महिन्यांनी नव्या माणसाला बिलगतं आणि तो माणूस निघून जातो. असं वारंवार झालं की ते मूल कोणालाही बिलगतं, किंवा कोणालाच नाही. पाहुण्यांना ते 'किती प्रेमळ' वाटतं. आम्ही त्याला आजाराचं लक्षण म्हणतो.

शिवाय जगभरच्या अनाथालयांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, कोणीतरी एक जिवंत असतं. गरिबीमुळे मूल तिथे पोचतं. पाहुणे आणि देणग्या येत राहिल्या की मुलं तिथे ठेवण्यातच संस्थेचा फायदा होतो.

कडुलिंब
हैतीचं उदाहरण तर ताजंच म्हणावं लागेल. २०१० च्या जानेवारीत भूकंप झाला, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला दहा अमेरिकन मिशन स्वयंसेवक ३३ मुलांना कागदपत्रांशिवाय सीमेपलीकडे डोमिनिकन रिपब्लिकमध्ये नेताना पकडले गेले. मुलं अनाथ आहेत असं ते सांगत होते. बहुतेकांचे आईवडील जिवंत निघाले. त्या लोकांचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट भयंकर आहे.

कायद्याचं आधी बघा, ताई. प्रवासी व्हिसावर जाऊन धर्मप्रसार करणं अनेक देशांत गुन्हा आहे. नेपाळमध्ये २०१७ च्या फौजदारी संहितेनुसार दुसऱ्याचं धर्मांतर करवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परदेशी माणूस हद्दपार होऊन सुटतो, ज्यांच्या घरी तो उतरला ते मागे राहतात. २०१८ च्या नोव्हेंबरात २६ वर्षांचा एक अमेरिकन तरुण अंदमानजवळच्या उत्तर सेंटिनेल बेटावर बंदी असताना गेला आणि मारला गेला. त्याला होडीतून पोचवणाऱ्या मच्छीमारांना अटक झाली. आणि त्याच्या अंगावरचा साधा सर्दीचा जंतूसुद्धा त्या बेटावरच्या माणसांना पुरला असता. त्याच्या धाडसाचं कौतुक करणारे लेख मी वाचलेत. मला ते पटत नाहीत.

मेंढपाळ
उशिरा आलो. मी पाळक आहे, तीस वर्षं झाली. असे गट मी पाठवलेत आणि असे आकडे मीही छापलेत. तेव्हा ओंजळ, मी तुझ्या लीडरच्या बाजूनेच सुरुवात करतो. मंडळीला हिशेब द्यावा लागतो. प्रार्थना कशी वाढली हे ताळेबंदात लिहिता येत नाही, हात मोजता येतात. त्यामुळे मोजले जातात. दुष्टपणा नसतो त्यात, भीती असते.

पण बायबलमध्ये मोजण्याबद्दल काय आहे बघ. दावीद राजाने लोकांची शिरगणती केली आणि देशावर मरी आली. आणि लूकचा दहावा अध्याय तर तुझ्यासाठीच आहे. प्रभूने शिष्यांना दोघादोघांना गावोगाव पाठवलं. बरोबर पिशवी नको, थैली नको, ज्या घरी उतराल तिथे जे वाढतील ते खा. म्हणजे पाठवलेल्याने आधी पाहुणा व्हायचं, घेणारा व्हायचं. ते परत येतात तेव्हा आनंदाने काय सांगतात? भुतेसुद्धा आम्हाला वश झाली! यशाचा अहवाल. आणि प्रभू म्हणतो, त्याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा माना. मिशनवरून परतलेल्यांच्या साक्षीला त्याने ही दुरुस्ती केली.

निरीश्वर, तुमच्याशी माझं एका गोष्टीत जमणार नाही. मुलांना येशूची गोष्ट सांगणं मी थांबवणार नाही. माझ्या आयुष्याला तिने आकार दिला. पण हात वर करायला लावणं आम्ही आमच्याकडे बंद केलंय, आणि ते तुमच्यासारख्याच एका माणसाने टोचल्यामुळे.

ओंजळ, व्यवहाराचं सांगतो. व्यासपीठावरून लीडरला उघडं पाडू नकोस. आधी तुझ्या पाळकांना एकटी भेट. आणि त्याआधी तिथल्या पाळकांना विचार. मुलं त्यांची आहेत.

निरीश्वर
मेंढपाळ, जमणार नाहीच. पण हात बंद केलेत हे वाचून बरं वाटलं, मनापासून.

रानपाखरू
शेवटचा मुद्दा कोणालाच सुचला नव्हता. इतके प्रतिसाद झाले, आणि तिथल्या पाळकांना विचार असं कोणी म्हटलंच नाही.

समुद्रपक्षी
खरंय. मलाही नाही सुचलं.

सांजसावली
मुलाला सगळं वाचून दाखवलं. आधी चिडला. रात्री येऊन म्हणाला, त्या संस्थेला पत्र लिहून विचारतो की मुलांना त्यांच्या घरी परत पाठवायचं काम कोण करतं. उत्तर आलं की ठरवू. नाडी, कडुलिंब, आभार.

ओंजळ
सगळ्यांना एकत्रच लिहिते. रविवार झाला.

गुरुवारी तिथल्या पाळकांना फोन केला. माझं स्पॅनिश अजून तेवढंच, म्हणून सिंहाचा आवाज काढणारा मुलगा मध्ये बसला. २१४ ऐकून पाळक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, माझ्याकडे ३४ मुलं आहेत. आणि एकेकाचं नाव सांगायला लागले. कोणाचे वडील कॉफीच्या मळ्यात मजुरीला गेलेत, कोणाला शाळा सोडावी लागतेय. पिवळ्या स्वेटरवाली त्यांच्या बहिणीची नात आहे. मी विचारलं, मी लोकांना काय सांगू? म्हणाले, नावं सांग, म्हणजे ते प्रार्थना करतील. आकड्यासाठी कोणी प्रार्थना करत नाही.

शुक्रवारी आमच्या पाळकांना भेटले. लीडरही आले होते. कठीण गेलं. मी रडले, थोडं तेही. त्यांनी स्वतःच वही काढून दाखवली. रोजचे हात नुसते एकाखाली एक लिहून बेरीज केली होती. पुढच्या पत्रकात दुरुस्ती ते स्वतः लिहिणार आहेत.

रविवारी मी सांगितलं की आम्ही सहा घरं लिंपली, आणि ती आम्ही नाही, गवंडी आजोबांनी लिंपली, आम्ही वाळू वाहिली. मग ३४ नावं वाचली. उच्चार त्या मुलाने आदल्या रात्री करून घेतले होते. पिवळ्या स्वेटरवाल्या मुलीचं उत्तर सांगायचं ठरवलं होतं, पण तिचं नाव वाचल्यावर ते तिच्यामाघारी सांगणं मला बरं वाटलं नाही. ते फक्त इथे लिहिलंय. निरीश्वर दादा, तुमचे ३०,००० आणि २,००० सुद्धा सांगितले. सभागृहात अगदी शांतता होती.

नंतर पहिल्या बाकावरच्या दोघींपैकी एक आजी आल्या. मला वाटलं पैशाबद्दल बोलतील. त्यांनी नावांचा कागद मागून घेतला आणि विचारलं, गिलाव्याच्या अजून किती घरं राहिलीत?

मला माहीत नव्हतं. आज संध्याकाळी परत फोन करणार आहे.

नाडी
फोनवर हेही विचार की छपरं गवताची आहेत की पत्र्याची. तो किडा गवतातही राहतो. भिंती झाल्या आणि छप्पर तसंच राहिलं तर काम अर्धंच.

ओंजळ
विचारते. चार-पाच घरांना गवत आहे हे आठवतंय. गवंडी आजोबांकडून पत्र्यांची मापं घेऊनच इथे लिहिते.